भूकंपानंतर लोक काय विचारतात

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: एक स्वयंसेवी गट भूकंपानंतरच्या मदतीची आधीपासून तयारी करतो आहे. पाणी, तंबू, औषधे, पांघरुणे यांच्या याद्या झाल्या. मग बैठकीत कुणीतरी मुद्दा काढला, की माहितीचे काय? लोकांना नेमके काय सांगायचे, कसे पोहोचवायचे, अफवांना तोंड कसे द्यायचे, किती माणसे लागतील, आणि या सगळ्यासाठी एखादे ॲप बनवून घ्यावे का?

ॲपचे उत्तर आधी देतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. बनवू नका. भूकंपानंतर कुणी नवे ॲप उतरवून घेत बसत नाही. रेंज नसते, बॅटरी सात टक्क्यांवर आलेली असते आणि ती माणूस घरच्यांच्या फोनसाठी जपून ठेवतो. लोक आधीपासून ज्यावर विसंबतात त्यावरच तेव्हाही विसंबतात: रेडिओ, एसएमएस, व्हॉट्सॲपचा गट, शेजारी, आणि ज्याच्या शब्दाला वजन आहे असा वस्तीतला एखादा माणूस. तुम्हाला तिथवर पोहोचायचे आहे.

आता मूळ प्रश्न. या कामात मला दोन दशके होत आली आणि सुरुवातीची काही वर्षे मी ते उलट्या दिशेने करत होतो. लोकांना काय कळायला हवे हे कार्यालयात बसून ठरवायचे, त्याचे पत्रक छापायचे, वाटायचे, आणि किती वाटली तो आकडा अहवालात लिहायचा. एका छावणीत आम्ही हात धुण्याविषयीची पत्रके वाटत होतो. एका बाईंनी पत्रक घेतले, दोन्ही बाजूंनी पाहिले आणि विचारले, "यात माझ्या मुलाचं नाव कुठंय?" त्यांच्या जखमी मुलाला कुणीतरी गाडीत घालून इस्पितळात नेले होते. कुठल्या, ते तीन दिवस कळलेले नव्हते. छापील कागद घेऊन कुणी आले म्हणजे इस्पितळाची यादीच असणार, असे त्या धरून चालल्या होत्या. हात धुण्याचे महत्त्व कमी होते असे मी म्हणत नाही. त्या दिवशी त्यांच्या डोक्यात त्याला जागा नव्हती, एवढेच.

तेव्हापासून माझ्या पिशवीतली पहिली वस्तू वही. लोक जे विचारतील ते त्यांच्याच शब्दांत, वेळ आणि ठिकाणासह लिहायचे. "अन्नसुरक्षेबाबत चौकशी" असे नाही, "काल रांगेत उभी होते, माझ्या आधी संपलं, उद्या परत येणार का?" असे. संध्याकाळी वही उघडायची आणि कुठला प्रश्न किती वेळा आला ते मोजायचे. ज्या प्रश्नांच्या पुढे सर्वांत जास्त रेघा, त्यांची उत्तरे त्याच रात्री शोधायची आणि सकाळी सांगायची. माझे सगळे काम या एका वहीवर चालते. खाली जे लिहिले आहे तो तिचाच विस्तार आहे.

पहिल्या काही तासांत वहीत तीनच प्रश्न असतात. माझी माणसे कुठे आहेत? पुन्हा धक्का बसेल का? घरात जाऊ का?

माणसांचा प्रश्न सगळ्यांत आधी येतो आणि बरेचदा सगळ्यांत शेवटी सुटतो. फोन लागत नाहीत याचा अर्थ सगळे टॉवर कोसळले असा नसतो. बऱ्याचदा टॉवर उभा असतो, वीज गेलेली असते आणि त्याची बॅटरी काही तासांत उतरते. त्याच वेळी प्रत्येक जण प्रत्येकाला फोन लावत असतो, त्यामुळे जे चालू आहेत तेही टॉवर तुंबतात. बोलायला अखंड वाट लागते. एसएमएसला फट पुरते. तो रांगेत थांबतो आणि जागा मिळाली की पुढे सरकतो. म्हणून पहिला सल्ला: फोन करू नका, मेसेज पाठवा, आणि त्यात "मी ठीक आहे"च्या जोडीला आपण कुठे आहोत हे लिहा. दुसरा: कुटुंबाने बाहेरगावचा एक नातेवाईक आधीच ठरवून ठेवावा आणि सगळ्यांनी त्यालाच कळवावे. जपानमध्ये १९९५च्या कोबे भूकंपात हा घोळ इतका झाला, की त्यातून १७१ क्रमांकाची निरोप सेवा निघाली; १९९८पासून ती चालू आहे. आपला निरोप ध्वनिमुद्रित करून ठेवायचा, घरच्यांनी तोच फोन क्रमांक दाबून तो ऐकायचा. हैतीत जानेवारी २०१०च्या भूकंपानंतर गूगलने बेपत्ता व्यक्ती शोधण्याचे पान पहिल्यांदा उघडले. रेड क्रॉसचे कुटुंबे जोडण्याचे काम तर त्याच्या कितीतरी आधीपासूनचे. तुमच्या गटाने नवी यादी सुरू करू नये. पाच संस्थांच्या पाच याद्या झाल्या की बाप एका यादीत आणि मुलगी दुसऱ्या यादीत राहते. चालू असलेली एक यादी शोधा आणि लोकांना तिथवर न्या.

एक सक्त सूचना इथेच. एकटे सापडलेले मूल दिसले की त्याचा फोटो आणि ते कुठे ठेवले आहे तो पत्ता फॉरवर्ड करण्याचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. अशा वेळी मुले न्यायला येणारे सगळेच नातेवाईक नसतात.

चार्जिंगची सोय ही माहितीची मदत आहे, हे देणगीदारांना पटवायला मला दरवेळी घाम फुटतो. जनरेटर, प्लगच्या दहा-बारा पट्ट्या, रांगेसाठी सावली. लोक तिथे तास-दोन तास थांबतात आणि बोलतात. सूचना फलक लावायला आणि वही घेऊन बसायला त्याहून चांगली जागा मला आजवर सापडलेली नाही.

दुसरा प्रश्न, पुन्हा धक्का बसेल का. इथे भल्याभल्यांची जीभ घसरते. भूकंप कधी, कुठे, किती मोठा होणार याचे भाकीत करता येत नाही, हे ठाम सांगायचे. पण "काहीच सांगता येत नाही" म्हणून गप्प बसायचे नाही, कारण बरेच काही सांगता येते. पश्चात धक्क्यांची संख्या काळाबरोबर कशी घटते हे जपानी शास्त्रज्ञ ओमोरी यांनी १८९४मध्येच मांडले. ढोबळमानाने पहिल्या दिवशी जितके धक्के बसतात, त्याच्या साधारण दशांश दहाव्या दिवशी बसतात. संख्या घटते, म्हणून मोठा धक्का बसणारच नाही असे मात्र नव्हे. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ला ७.८ क्षमतेचा भूकंप झाला. लोक थोडे सावरू लागले आणि १७ दिवसांनी, १२ मे रोजी, ७.३चा धक्का बसला. जपानमधल्या कुमामोतोत १४ एप्रिल २०१६च्या रात्री मोठा धक्का बसला. लोकांना वाटले, मुख्य तो होऊन गेला, आता उरले ते छोटे. काही जण घरी परतले. १६ तारखेच्या पहाटे त्याहून मोठा आला. त्यानंतर तिथल्या हवामान संस्थेने अशा इशाऱ्यांत 'पश्चात धक्का' हा शब्द वापरायचे सोडले, कारण त्या शब्दातच 'आता येईल तो लहानच' असे आश्वासन दडले होते. शब्द निवडताना इतका विचार करावा लागतो.

याची दुसरी बाजू इटलीतल्या लाक्विला शहराची. २००९च्या सुरुवातीचे काही महिने तिथे छोटे धक्के चालू होते. लोक घाबरलेले. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली आणि त्या सुमारास एका बड्या अधिकाऱ्याने दूरचित्रवाणीवर काळजीचे कारण नाही अशा थाटात लोकांना धीर दिला. धक्का बसला की रात्र बाहेर काढायची अशी तिथल्या अनेक घरांची जुनी रीत होती. त्या धीरामुळे काहींनी ती मोडली. ६ एप्रिलच्या पहाटे भूकंप झाला आणि ३००हून अधिक माणसे गेली. २०१२मध्ये सात जणांना सदोष मनुष्यवधासाठी शिक्षा झाली. पुढे २०१४मध्ये सहा शास्त्रज्ञ निर्दोष सुटले आणि अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली. भाकीत चुकले म्हणून शास्त्रज्ञांवर खटला भरला, असे या प्रकरणाचे वर्णन सर्रास होते. माझ्या मते खरा वाद खोट्या धीराचा होता. लोकांना शांत करणे हे माहितीच्या कामाचे उद्दिष्ट नाही. घाबरलेला माणूस योग्य निर्णय घेऊ शकतो. चुकीच्या भरवशावर निजलेला घेऊ शकत नाही.

मी स्वतः काय सांगतो? साधारण असे: "धक्के अजून काही आठवडे बसतील. दिवसेंदिवस कमी होतील, पण मधेच एखादा मोठा येऊ शकतो. कधी, ते जगात कुणालाच सांगता येत नाही. जो तारीख आणि वेळ सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तडा गेलेल्या घरात झोपू नका. आत असताना धक्का बसला तर खाली बसा, मजबूत टेबलाखाली शिरा, डोके झाका. समुद्राकाठी असाल आणि हादरा जोराचा किंवा लांबलेला असेल, तर भोंग्याची वाट न बघता उंचावर जा."

शेवटचे वाक्य जपानच्या धड्यातून आले आहे. ११ मार्च २०११च्या महाभूकंपानंतर पहिला त्सुनामी इशारा अवघ्या तीन मिनिटांत निघाला. वेगाच्या दृष्टीने उत्तम. पण त्यात इवाते किनाऱ्यासाठी अंदाजे उंची ३ मीटर दिली होती. लाटा अडवायला बांधलेली भिंत त्याहून उंच आहे, हे काठावरच्या लोकांना ठाऊक होते. काही जण निवांत राहिले. पुढे अंदाज वाढवला गेला, तोवर अनेक ठिकाणी वीज गेली होती आणि सुधारित आकडा पोहोचलाच नाही. २०१३पासून तिथे अतिमोठ्या भूकंपात पहिल्या इशाऱ्यात मीटर देत नाहीत. लाट 'प्रचंड' असेल एवढेच सांगतात. पहिला आकडा लोकांच्या मनात रुतून बसतो, हे एवढी माणसे गमावल्यावर मान्य झाले.

घरात जाऊ का, याचे उत्तर तुम्ही देऊ नका. ते अभियंत्याचे काम. अभियंत्याने चिकटवलेल्या कागदाचा अर्थ समजावणे मात्र तुमचे. बऱ्याच देशांत पाहणी केलेल्या इमारतींवर लाल, पिवळे, हिरवे कागद लावतात. हिरवा म्हणजे 'सुरक्षित' असे सगळे समजतात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ इतकाच, की घाईच्या पाहणीत प्रवेश बंद करण्याजोगे काही दिसले नाही. पुढच्या धक्क्याला ती इमारत टिकेल याची ती हमी नसते. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या २०११च्या भूकंपानंतर हा गैरसमज इतका खटकला, की त्यांनी हिरव्या रंगाऐवजी पांढरा आणला.

शोधकार्याच्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही, ते तुमचे काम नसेल. मेक्सिकोतली एक खूण मात्र सांगतो. ढिगाऱ्यावरचा एक जण मूठ वर करतो, ती पाहून दुसरा करतो, आणि क्षणात सगळा रस्ता, यंत्रांसकट, गप्प होतो. ढिगाऱ्याखालचा आवाज ऐकू यावा म्हणून. बाहेरच्यांनी बोलणे थांबवल्याशिवाय आतल्याचे ऐकू येत नाही, हे मला माझ्या कामाबद्दलही वाटते. पण तिथेच सप्टेंबर २०१७मध्ये कोसळलेल्या शाळेत एक मुलगी जिवंत अडकल्याची बातमी तासन्‌तास थेट दाखवली गेली. तिला नाव होते, वय होते, ती पाणी मागते आहे असेही सांगितले जात होते. अधिकारी वर्गही त्यावर बोलत होता. अशी मुलगी नव्हतीच.

यावरून अफवांकडे येतो.

अफवा म्हटले की लोकांना खोडसाळ माणूस आठवतो. तसेही असतात. कुमामोतोत प्राणिसंग्रहालयातून सिंह सुटल्याचा फोटो एका तरुणाने टाकला होता. त्याला अटक झाली. पण माझ्या वहीतल्या बहुतेक अफवांना असा बाप नसतो. ज्या प्रश्नाचे उत्तर कुणी देत नाही, त्याचे लोक आपापसांत जुळवून घेतलेले उत्तर म्हणजे अफवा. एका छावणीत आम्ही सांगून सांगून थकलो, की पाऊस येणार आहे, सखल भागातले तंबू हलवा. कुणी हलेना. हट्टी लोक आहेत, असा आमच्यातल्या काहींचा निष्कर्ष. वही चाळली तेव्हा एकच वाक्य निरनिराळ्या तोंडून आलेले दिसले: "तंबू सोडला तर यादीतनं नाव जातं म्हणे." मागे लागल्यावर उगम सापडला. पाहणीला आलेल्या एकाने बंद तंबू पाहून "इथे कुणी राहत नाही" असा शेरा मारला होता आणि शेजाऱ्यांनी तो ऐकला होता. अफवेत चिमूटभर खरे होते. खुलाशाची पत्रके काढून ती गेली नसती. पाहणीच्या प्रमुखाने येऊन सर्वांदेखत सांगितले, की तंबूचा क्रमांक बदलला तरी नाव राहील, आणि हललेल्या कुटुंबांना नव्या क्रमांकाची चिठ्ठी हातात दिली. दुपारपर्यंत सखल भाग रिकामा झाला.

सगळ्याच अफवा इतक्या शहाण्या नसतात. तुर्कस्तानात फेब्रुवारी २०२३च्या भूकंपानंतर हताय भागात धरण फुटल्याची आवई उठली आणि आधीच बेघर झालेले लोक जीव मुठीत धरून पळत सुटले. आणि १ सप्टेंबर १९२३चा कांतोचा भूकंप मी माझ्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो. तोक्यो आणि योकोहामा जळत होते, बातम्या बंद होत्या. कोरियन लोक विहिरींत विष टाकत आहेत, आगी लावत आहेत, अशी वदंता पसरली. सरकारी यंत्रणेतून आणि वर्तमानपत्रांतूनही ती पुढे गेली. टोळ्यांनी रस्ते अडवले, लोकांना ठरावीक शब्द उच्चारायला लावले, आणि ज्यांचा उच्चार वेगळा निघाला त्यांना मारले. कोरियन मोठ्या संख्येने मारले गेले. चिनी गेले, वेगळी बोली बोलणारे जपानीही गेले. म्हणून अफवांत मी पहिला फरक हा करतो: ही अफवा कुणाकडे बोट दाखवते आहे का? दाखवत असेल तर वही मोजत बसायचे नाही. त्याच तासाला पोलीस, वस्तीतले वजनदार लोक आणि ज्यांच्याकडे बोट आहे ते लोक, या तिघांशी बोलायचे.

बाकीच्यांसाठी रीत साधी आहे. अफवा कुठे, किती जणांकडून ऐकली ते लिहा. ती धरून चाललो तर काय बिघडेल ते पाहा; काहीच बिघडत नसेल तर सोडून द्या, सगळ्या माश्या मारत बसू नका. बिघडणार असेल तर ज्याला प्रत्यक्ष ठाऊक आहे अशा माणसाकडून खात्री करा. सांगताना सुरुवात खऱ्या गोष्टीने करा. "धरण फुटलेले नाही" या वाक्यातले दुरून ऐकू येणारे दोन शब्द म्हणजे 'धरण' आणि 'फुटले'. त्याऐवजी: "धरण शाबूत आहे. आज दुपारी तीन वाजता अभियंत्यांनी पाहणी केली. पुढची पाहणी उद्या सकाळी." कोणी पाहिले आणि कधी, हे दोन तपशील नसतील तर तुमचे वाक्य आणि अफवा यांत ऐकणाऱ्याला फरक दिसत नाही.

अजून कळलेले नसेल तर "अजून कळलेले नाही, संध्याकाळी सहाला पुन्हा सांगतो" असे म्हणा, आणि सहाला खरोखर जा. सांगायला काही नवे नसले तरी जा. माझा अनुभव असा, की लोक उत्तर नसल्याबद्दल क्षमा करतात. सहाला न आलेल्याला करत नाहीत.

आता माध्यमे. रेडिओला मी अजूनही पहिला मान देतो. एक संच दहा जण ऐकतात, सेलवर चालतो, आणि अक्षर यावेच लागत नाही. हैतीत २०१०ला पोर्त-ओ-प्रिन्समधले सिग्नल एफएम हे केंद्र भूकंपानंतरही चालू राहिले आणि लोक आपल्या माणसांची नावे सांगायला तिथे येत राहिले. २००५च्या काश्मीर भूकंपानंतर पाकिस्तानने बाधित भागात तात्पुरत्या एफएम केंद्रांना परवाने दिले. नेपाळमध्ये डोंगराळ भागांत आधीपासून सामुदायिक रेडिओ केंद्रे होती. काहींच्या इमारती पडल्या, तेव्हा त्यांनी उघड्यावरून प्रसारण केले. जपानमध्ये आपत्तीपुरते छोटे एफएम केंद्र उघडण्याची तरतूद कोबेनंतर झाली आणि २०११मध्ये तिचा भरपूर उपयोग झाला. तुमच्या गटाने केंद्र काढायला हवे असे नाही. जवळच्या केंद्राशी आजच, शांततेच्या काळात, ओळख करून ठेवा. त्यांच्या जनरेटरला किती तासांचे इंधन असते ते विचारा. बरेचदा मदत म्हणून त्यांना इंधनच हवे असते.

वीज, छापखाना, इंटरनेट, सगळे गेले तर? २०११मध्ये इशिनोमाकी शहरातल्या एका छोट्या दैनिकाचे छपाईयंत्र पाण्याखाली गेले. संपादक मंडळींनी सहा दिवस मोठ्या कागदांवर मार्करने हाताने वर्तमानपत्र लिहिले आणि निवारा केंद्रांच्या भिंतींवर लावले. लोक त्यापुढे गर्दी करून उभे राहत. माझ्या पिशवीत जाड मार्कर आणि मोठे कागद असतात ते त्या लोकांमुळे.

समाजमाध्यमांबद्दल दोनच गोष्टी. ढिगाऱ्याखालून ठिकाण कळवून माणसे वाचल्याची उदाहरणे तुर्कस्तानातल्या २०२३च्या भूकंपातली आहेत. त्याच आठवड्यात तिथे ट्विटरवर काही तास निर्बंधही आले होते. एकाच वाटेवर विसंबू नका.

कुठलेही माध्यम घ्या, ते कुणाला वगळते हे आधी पाहा. भोंगा बहिऱ्या माणसाला वगळतो, फलक दृष्टिहीनाला, व्हॉट्सॲपचा गट साधा फोन वापरणाऱ्याला. घरात एकच फोन असेल तर तो कुणाच्या खिशात असतो? तो माणूस सकाळी ढिगारा उपसायला गेला, की घरातल्या बायका-म्हाताऱ्यांना दिवसभर काही कळत नाही. आणि भाषा. हैतीत कचेरीची भाषा फ्रेंच, पण घराघरात बोलतात ती क्रेओल. ४६३६ या मोफत क्रमांकावर लोकांचे मेसेज क्रेओलमध्ये येत होते आणि मदतीला आलेल्या परदेशी पथकांना ते वाचताच येत नव्हते. देशाबाहेर राहणाऱ्या हैतीच्या लोकांनी दूर बसून त्यांची भाषांतरे केली. कोबेत जपानी न येणाऱ्यांसाठी व्हिएतनामी आणि कोरियन भाषांत छोटी रेडिओ केंद्रे सुरू झाली. त्याच भूकंपानंतर तिथे 'सोपी जपानी' नावाची चळवळ उभी राहिली: छोटी वाक्ये, रोजचे शब्द, एका वाक्यात एकच गोष्ट.

आपल्याला 'सोपी मराठी' हवी आहे, असे मी गेली कित्येक वर्षे म्हणतो. हे वाक्य पाहा: "बाधित कुटुंबांनी विहित नमुन्यातील अर्ज आवश्यक कागदपत्रांसह सक्षम प्राधिकाऱ्याकडे विहित मुदतीत सादर करावेत." एकही शब्द चूक नाही आणि एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. तेच असे लिहा: "घर पडले असेल तर उद्या किंवा परवा नाव नोंदवा. जागा: शाळेचे मैदान. वेळ: सकाळी १० ते संध्याकाळी ५. घरातले एकजण आले तरी चालेल. कागद हरवले असतील तरी या. पैसे लागत नाहीत." लांबी वाढली. वाढू द्या. "पैसे लागत नाहीत" हे वाक्य कधीही गाळू नका. ते गाळले की दलाल उभे राहतात.

हे उदाहरण मुद्दाम नोंदणीचे घेतले. कॅमेरे निघून जातात, पथके परततात, आणि माहितीचे काम संपले असे सगळे धरून चालतात, तेव्हाच वहीतली सर्वांत अवघड पाने सुरू होतात. तिसऱ्या महिन्यापासून प्रश्न असे येतात: यादीत नाव का नाही? भाडेकरूला काही मिळणार का? घर सासऱ्यांच्या नावावर होते, ते गेले, आता अर्ज कुणी करायचा? पहिला हप्ता मिळाला, दुसरा कशावर अडला? नेपाळमध्ये घरबांधणीचे अनुदान आधी २ लाख नेपाळी रुपये जाहीर झाले, पुढे ते ३ लाख झाले, आणि ते ५० हजार, दीड लाख, १ लाख अशा तीन हप्त्यांत मिळायचे. प्रत्येक हप्ता बांधकामाच्या टप्प्याला बांधलेला. पाया नियमाप्रमाणे नाही म्हणून पुढचा हप्ता अडला, हे पाया भरून झाल्यावर कळले तर त्या कुटुंबाने काय करायचे? इथे माहिती उशिरा मिळणे म्हणजे भिंत पाडून पुन्हा बांधणे.

किल्लारीचे उदाहरण मला या बाबतीत फार मोलाचे वाटते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेच्या भूकंपानंतर घरे दुरुस्त आणि मजबूत करण्याचा जो सरकारी कार्यक्रम झाला, त्यात शेकडो गावांत स्थानिक महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले होते. काय मिळणार, कोणत्या टप्प्याला मिळणार, भिंत कशी बांधायची हे त्या घरोघरी सांगत, आणि कुठे काय अडले ते वर कळवत. ही दुसरी बाजू महत्त्वाची. नियम सांगायला कुणीही चालते. नियम कुठे अडतो हे अभियंत्याला किंवा अधिकाऱ्याला सांगायला गावातली, रोज भेटणारी, टाळता न येणारी व्यक्ती लागते. २००१च्या भूजच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागातल्या बायका तिकडे जाऊन तिथल्या बायकांशी बोलल्या. ज्याचे घर पडून उभे राहिले आहे त्याचे बोलणे लोक आमच्यासारख्यांपेक्षा वेगळ्या कानांनी ऐकतात.

तक्रारपेट्यांवर जास्त भिस्त ठेवू नका. कुलूप लावलेल्या पेट्या मी अनेक पाहिल्या, भरलेली एकही नाही. किल्ली कुणाकडे आहे हे लोकांना ठाऊक असते. बसलेला माणूस, ठरलेली जागा, ठरलेली वेळ, हेच चालते. आणि दर आठवड्याला फलकावर दोन रकाने: तुम्ही काय विचारले, त्याचे काय झाले. "झाले नाही, कारण असे" हेही लिहायचे. ते लिहायला हात धजत नाही, पण लोक तोच रकाना आधी वाचतात.

मनुष्यबळाचे विचारले होते. एका छावणीला तीन माणसे पुरतात, मात्र त्यांना पाण्याच्या किंवा धान्याच्या वाटपाला ओढू नका. एकजण वही घेऊन दिवसभर एका जागी. दुसरा फिरता, त्याने फलक आणि रांगेपर्यंत न पोहोचणाऱ्यांकडे जायचे: अंथरुणावर असलेले, बाळंतिणी, वस्तीच्या टोकाला राहणारे. तिसरा उत्तरे आणणारा. त्याच्याकडे गाडी हवी आणि अधिकाऱ्यांच्या दारात ताटकळायची चिकाटी. तिघांतली किमान एक बाई असावी, नाहीतर अर्धे प्रश्न वहीत येतच नाहीत. शक्य तर ही माणसे बाधित लोकांतूनच घ्या आणि त्यांना पगार द्या. घर पडलेल्या माणसाकडून फुकट काम करून घेऊ नये. त्यांची सराव-फेरी आजच घ्या. फलकावर वर तारीख, वेळ आणि "पुढची माहिती किती वाजता" एवढ्या तीन ओळी आधीच आखून ठेवा. तिसरी ओळ कोरी ठेवून फलक लावायचा नाही, एवढा एक नियम पाठ करून घ्या.